शौक आपला, रोजी त्यांची

आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही. मुंबईला नोकरीसाठी गेलेली मुले ईदला घरी येतात, बोंबील, सुरमई, पापलेटच्या गोष्टी सांगतात आणि घरातल्या बायका एकच प्रश्न विचारतात, "काटे फार असतात का त्यात?" आपल्याकडे मासा म्हणजे धरणातला रोहू-कटला, नदीतली मरळ आणि वांब, नाहीतर बाजाराच्या दिवशी मापाने मिळणारे सुके झिंगे. तरीसुद्धा रविवारी सकाळी अमरावती-मोर्शी रस्त्यावर किंवा अकोल्याहून महानकडे जाताना मोटारसायकलवर मागे बसलेल्या एखाद्या पोराच्या हातात लांब काठी दिसतेच. काठीला तंगूस गुंडाळलेला, डब्यात गांडुळे आणि पिशवीत भाकरी.

गळ टाकून पाण्याकाठी बसण्याचा हा शौक आपल्या कितीतरी घरांत आजोबांपासून चालत आला आहे. आमच्याही घरात तो आहे. अब्बांकडून तो माझ्याकडे आला आणि आता माझी मुलगी माझ्यापेक्षा जास्त वेळ बुचावर नजर रोखून बसते. या शौकाविषयी, तो ज्या पाण्यावर पुरा होतो त्या पाण्याविषयी आणि त्याच पाण्यावर ज्यांची चूल पेटते त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख.

खारे पाणी, पण जमिनीखाली

वऱ्हाडाला समुद्र नसला तरी खारे पाणी मात्र भरपूर आहे. ते जमिनीच्या पोटात आहे. अकोल्याहून दर्यापूरकडे निघा. दोन्ही बाजूंना काळीभोर, सपाट जमीन दिसते. नजर जाईल तिथपर्यंत कपाशी, तूर आणि हिवाळ्यात हरभरा. अशा जमिनीत विहीर खणली तर सोन्यासारखे पीक यायला हवे असे परक्या माणसाला वाटते. पण विहीर खणली की पाणी लागते ते खारे. ते पिकाला दिले तर जमीन कडक होते आणि पीक पिवळे पडते. म्हणून इथला शेतकरी पावसावर आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवरच शेती करतो.

हाच आपला खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे आणि त्यात नऊशेच्या आसपास गावे येतात. पूर्णा सातपुड्यातून निघते, या सखल भागातून पश्चिमेला वाहत जाते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. इथला गाळ फार खोल आणि चिकण आहे. पाणी त्यातून लवकर निचरत नाही. उन्हाने ते वर ओढले जाते, वाफ होऊन उडते आणि क्षार मागे राहतात. पूर्वी या पट्ट्यातल्या काही गावांत विहिरीच्या पाण्यापासून मीठही काढत असत.

या पाण्याची चव त्या गावांतल्या लेकी-सुनांना विचारावी. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, वुजू करताना पाणी तोंडात घेतले तर जिभेला खारटपणा कळतो. सोयरीक जुळवताना "गाव कसे आहे" याच्या आधी "पाणी गोडे की खारे" हे विचारणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. वर्षानुवर्षे हे पाणी पिऊन मूत्रपिंडाचे आजार होतात, ही या गावांची जुनी तक्रार आहे.

आता प्रश्न असा, की या खाऱ्या पाण्यात मासा का नाही? समुद्र तर याहून कितीतरी खारा, आणि त्यात मासळीला तोटा नाही.

लोणार आणि चिलिका

याचे उत्तर शोधायला दोन तळी उपयोगी पडतात. एक आपल्या जवळचे, दुसरे दूरचे.

जवळचे म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात तयार झालेले हे विवर पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आहे. त्यातले पाणी खारे आहे आणि खाण्याच्या सोड्यासारखे क्षारयुक्तही आहे. २०२० च्या जूनमध्ये ते अचानक गुलाबी झाले तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले. मीठ आवडणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी लोणारचा समावेश रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत झाला. लोणारला शाळेच्या सहली जातात, अभ्यासक जातात, पण गळ घेऊन कोणी जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याची ओळख बिनमाशांचे तळे अशीच राहिली आहे. विवरात पाणी येते, पण विवरातून ते बाहेर वाहून जात नाही. फक्त उडून जाते, आणि क्षार साठत राहतात.

दूरचे तळे म्हणजे ओडिशातले चिलिका. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे कुटुंब बडनेऱ्याहून रेल्वेने पुरीला गेलो आणि तिथून पन्नासएक किलोमीटरवरच्या सातपाड्याला. समुद्र आणि तळे यांच्यामध्ये फक्त वाळूची एक पट्टी आहे. उन्हाळ्यात चिलिकाचे पाणी सुमारे ९०० चौरस किलोमीटरवर असते आणि पावसाळ्यात ते साडेअकराशेच्या पुढे जाते. नावेत बसलो तर पलीकडचा काठ दिसेना. मुलगी म्हणाली, "अब्बू, हा तर समुद्रच आहे." नावाड्याने तिला पाणी चाखायला सांगितले. ते खारट होते, पण समुद्राइतके नाही. आपल्या पूर्णाकाठच्या विहिरीची आठवण व्हावी असे.

मग इथे मासे कसे? चिलिकाला एका बाजूने महानदीच्या दया आणि भार्गवी या फाट्यांचे गोडे पाणी मिळते आणि दुसऱ्या बाजूने मुखातून भरतीचे खारे पाणी आत येते. दोन्ही पाण्यांची रोज भेट होते. कोकणात ज्याला जिताडा म्हणतात तो मासा इथे भेकटी म्हणून ओळखला जातो आणि कोकणातला बोय इथे खैंगा होतो. हे मासे अंडी घालायला समुद्राच्या बाजूला जातात आणि त्यांची पिल्ले वाढायला तळ्यात येतात. ये-जा करायला दार उघडे असते, म्हणून तळे भरलेले असते. मोठ्या डोक्याचे इरावती डॉल्फिनही याच माशांवर जगतात.

हे दार एकदा जवळजवळ बंद झाले होते. नद्यांनी आणलेल्या गाळाने मुख लांब सरकले आणि अरुंद झाले, भरतीचे पाणी आत येणे कमी झाले, गोड्या पाण्यातले गवत माजले आणि मासळी घटली. १९८१ साली रामसर यादीत आलेले चिलिका १९९३ साली धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीत टाकावे लागले. मग अभ्यास करून २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुडाजवळ वाळूची पट्टी कापून नवे मुख उघडले. पुढच्या काही वर्षांत मासळी कित्येक पटींनी वाढली आणि २००२ साली चिलिकाचे नाव त्या धोक्याच्या यादीतून निघाले.

पण चिलिकाची दुसरी गोष्ट आम्हाला नावाड्याने सांगितली आणि तीच माझ्या मनात जास्त राहिली. या तळ्यावर दोन लाखांहून अधिक लोकांचे पोट आहे. कोळंबीला परदेशात भाव आला तसे पैसेवाले आले आणि त्यांनी तळ्यात जाळ्यांचे आणि बांधांचे मोठमोठे घेर घातले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकली तिथे कोळ्यांना जाता येईना. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने चिलिका आणि पुलिकत या तळ्यांपासून हजार मीटरच्या आत अशी कोळंबी-शेती करण्यास मनाई केली. तरीही घेर उठले नाहीत. १९९९ च्या मे महिन्यात सोराणा गावात या वादातून पोलिसांचा गोळीबार झाला आणि चार माणसे मरण पावली.

नावाडी बोलत होता तेव्हा किनाऱ्यावर काही पर्यटक हौसेने गळ टाकून बसले होते. त्यांच्याकडे पाहून तो एवढेच म्हणाला, "शौकवाल्यांशी आमचे भांडण नाही. आमच्या जागेवर येऊन विचारतात ते आमचे पाहुणे." परतीच्या गाडीत मी तेच घोळवत होतो. आपण अप्पर वर्धावर जाऊन बसतो तेव्हा कोणाला विचारतो?

आपले गोडे समुद्र

खारपाणपट्ट्याच्या भोवती, डोंगराच्या पायथ्याशी, माणसाने बांधलेले गोडे समुद्र आहेत. सगळ्यांत मोठा मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळचा अप्पर वर्धा. सरकारी नाव नल-दमयंती सागर. धरणाला १३ दरवाजे आणि उपयुक्त साठा सुमारे ५६४ दलघमी. अमरावती शहराचे पाणी इथूनच येते. अकोलेकरांचे धरण म्हणजे महानचे काटेपूर्णा. साठा सुमारे ८६ दलघमी, म्हणजे अप्पर वर्धाच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी, पण अकोला शहराची तहान त्यावर. तेल्हारा तालुक्यात वान, अंजनगाव-सुर्जीच्या बाजूला शहानूर. खारपाणपट्ट्यातल्या ज्या गावांत आज नळाला गोडे पाणी येते, त्यांतली बरीचशी गावे वान आणि शहानूरचे पाणी पितात.

गोडे पाणी अडवून साठवण्याची वऱ्हाडाची रीत जुनी आहे. १४९० साली स्वतंत्र झालेल्या आणि १५७४ पर्यंत टिकलेल्या इमादशाहीचे मोठे ठाणे असलेल्या अचलपूरजवळ हौज कटोरा आजही पाहता येतो. गोल हौज आणि त्याच्या मधोमध उभा अष्टकोनी मनोरा. गाविलगड आणि नरनाळा या किल्ल्यांवर तलाव आहेत. अमरावतीचे वडाळी आणि छत्री हे तलाव इंग्रजांच्या काळात शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधले. आमच्या पिढीतल्या अमरावतीच्या अनेक मुलांनी पहिला गळ टाकला तो वडाळीलाच.

भूगोलाची एक गंमत मुलांना जरूर सांगावी. काटेपूर्णा, वान, शहानूर यांचे पाणी पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात जाते. मोर्शीला अडवलेली वर्धा मात्र गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच वऱ्हाडातल्या दोन धरणांचे पाणी देशाच्या दोन टोकांना पोहोचते.

अमरावतीहून मोर्शी पन्नासएक किलोमीटर. संत्र्याच्या बागा लागल्या की मुले गाडीत ताठ बसतात, कारण आता पाणी जवळ आले हे त्यांना ठाऊक असते. हिवाळ्याच्या सकाळी जलाशयावर धुके असते. त्यातून हळूहळू डोंगे दिसू लागतात. संध्याकाळी टाकलेली जाळी भोई मंडळी पहाटे उचलतात आणि ऊन वर यायच्या आत काठाला येतात. आपल्या काठ्या उघडायच्या वेळी त्यांचा दिवस अर्धा संपलेला असतो.

काठी, तंगूस आणि सब्र

या शौकाला पैसा फार लागत नाही. बांबूची काठी, तंगूस, दोन-तीन मापांचे गळ, थोडे शिसे आणि बूच एवढे पुरते. हल्ली शहरात रीळ लावलेल्या फायबरच्या काठ्या मिळतात. त्यांनी गळ दूर जातो, पण मासा त्यामुळे लवकर लागतो असे नाही.

कुठला मासा कुठे चरतो हे कळले की निम्मे काम झाले. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, त्याचे तोंडही वर वळलेले असते. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी. म्हणून बूच आणि गळ यांच्यातले अंतर बदलून पाहावे. रोहू-मृगळसाठी कणीक आणि भुईमुगाची पेंड एकत्र मळून घट्ट गोळी करावी. चिलापी गांडुळाला झट येते, त्यामुळे मुलांनी सुरुवात तिच्यापासून करावी. मरळ काठाच्या गवतात दबा धरून असते आणि तिला हलते आमिष लागते. सकाळची आणि संध्याकाळची वेळ चांगली. नाला जिथे जलाशयाला मिळतो तिथे पाण्याबरोबर खाणे येते, त्यामुळे मासेही तिथे जमतात.

बाकी सगळे सब्राचे काम. अब्बा म्हणत, मासा पकडायला आलेला माणूस आधी स्वतः गप्प बसायला शिकतो. मोबाइल हातातून न सुटणारी आमची पोरे इथे दोन दोन तास बूच पाहत बसतात. जोहरची वेळ झाली की काठी दगडाखाली दाबायची, धरणाच्या थंड पाण्याने वुजू करायचा आणि चटई टाकायची. घरातल्या बायकाही येतात. भाकरी, ठेचा आणि कांदा असला की जेवण होते. गळाला काही लागले नाही म्हणून तो दिवस वाया गेला, असे आमच्या घरात अजून कोणी म्हटलेले नाही.

धरणातला मासा कुणाचा?

नदीतला मासा अल्लाहने दिला, तो ज्याने पकडला त्याचा, असे आपण सहज म्हणतो. नदीपुरते ते ठीक. धरणाची गोष्ट वेगळी आहे.

कटला, रोहू, मृगळ हे मासे वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या थांबलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही असेच धरून चालावे लागते. म्हणून बीज बाहेरून आणून सोडतात. हे बीज हवे तेव्हा तयार करण्याची युक्ती १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यशस्वी केली. माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी त्याला तळ्यातच अंडी घालायला लावले. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. आज त्याच पद्धतीने बीज केंद्रांत आधी जिऱ्याएवढी पिल्ले तयार होतात. त्यांना मत्स्यजिरे असेच म्हणतात. ती बोटाएवढी झाली की बोटुकली. पावसाळ्यात ही बोटुकली विकत घेऊन धरणात सोडतात.

विकत कोण घेते? धरणाचा मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो ती संस्था. ठेक्याची रक्कम ती भरते, बोटुकलीचे पैसे ती भरते, राखण तिचे सभासद करतात. भोई आणि ढीवर कुटुंबे या संस्थांची मुख्य सभासद. म्हणजे आपल्या गळाला लागलेला दीड किलोचा कटला कुणीतरी बोटाएवढा असताना पैसे मोजून सोडलेला असतो.

चिलिकाहून आल्यावर पुढच्याच महिन्यात आम्ही अप्पर वर्धाला गेलो. जाळे वाळत घालणारे एक साठीतले काका भेटले. सलाम केला आणि सरळ विचारले, इथे गळ टाकला तर चालेल का? त्यांनी माझ्याकडे, मग मुलीकडे पाहिले.

"टाका ना, बाप्पा. गळानं दोन-चार मासोया नेल्या त धरण काई रिकामं होत नाई. पन या कोपऱ्यात नका टाकू. अथी आमी यंदा बोटुकली सोडली हाय. लहान मासोई लागली त सोडून द्या. ते आमच्या पोट्ट्यायच्या शाळंची फी हाय."

नंतर ते तासभर आमच्याजवळ बसले. मुलीला कणकेत पेंड किती घालायची ते दाखवले. मग सांगितले, की त्यांचे जुने गाव याच पाण्याखाली गेले. ज्या बाजूला आमचे बूच तरंगत होते तिकडे हात करून म्हणाले, "तथी आमची शाळा होती." आपल्या शहराच्या नळाला पाणी यावे म्हणून कुणाचे तरी गाव बुडाले, हे आपण ऐकलेले असते. काठावर बसून ते ऐकणे वेगळे. अप्पर वर्धाच्या धरणग्रस्तांची आंदोलने धरण होऊन इतकी वर्षे झाली तरी चालूच राहिली, ती का, हे मला तेव्हा समजले.

मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. तिथले शौकीन सभासद होतात, वर्गणी भरतात आणि नियमाने गळ टाकतात. आपल्याकडे हा शौक घरगुती आहे. पाटी लावून कोणी नियम सांगत नाही. म्हणूनच ते आपण आपल्याला लावून घ्यायचे.

आमच्या घरचे नियम

पहिला, विचारल्याशिवाय बसायचे नाही. जवळ संस्थेचा माणूस असेल तर त्याला, नाहीतर धरणावरच्या चौकीदाराला. काटेपूर्णा जलाशयाचा परिसर १९८८ पासून अभयारण्य आहे, तिथे वनविभागाची परवानगी हवी. ती नसेल तर पक्षी पाहावेत, वनभोजन करावे आणि परत यावे.

दुसरा, खाण्यापुरतेच. मासा आपल्यासाठी हलाल आहे आणि त्याला जबह करावे लागत नाही, म्हणून त्याचा जीव स्वस्त ठरत नाही. फोटोसाठी पकडून तडफडत ठेवायचा आणि मग फेकून द्यायचा, हा शौक नव्हे. वीतभरापेक्षा लहान मासा ओल्या हाताने धरून, गळ हळूच काढून परत सोडायचा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडूनही तो जगत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला नाल्यातून वर चढणारी पोटुशी मासळी तर मुळीच धरायची नाही. समुद्रावरसुद्धा १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कोकणातले हजारो लोक दोन महिने हात आवरतात, तर आपल्याला दोन रविवार आवरायला काय हरकत?

तिसरा, तुटलेला तंगूस पाण्यात टाकायचा नाही. तो कुजत नाही. त्यात पक्ष्याचा पाय अडकतो, कासव गुंतते आणि संस्थेच्या जाळ्यालाही त्याचा ताप होतो. हेच पाणी खारपाणपट्ट्यातली आणि शहरातली माणसे पितात, तेव्हा जेवणाचा कचरा परत घरी आणायचा.

चौथा नियम आयांनी बसवला आहे. मुले एकटी पाण्याजवळ जाणार नाहीत आणि कोणीही पोहायला उतरणार नाही. जलाशयाचा काठ वरून उथळ दिसतो, पण त्याखाली जुन्या नदीचे पात्र, विहिरी आणि खदानी असतात. पाऊल गाळात रुतते. दर उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यांतल्या वर्तमानपत्रांत बुडालेल्या पोरांच्या बातम्या येतात आणि त्यांत मासे पकडायला गेलेली पोरेही असतात. पावसाळ्यात दरवाजे उघडतात तेव्हा धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात उभे राहायचेच नाही. पाणी चढायला वेळ लागत नाही.

पाचवा नियम दस्तरखानाचा. घरी आणलेला मासा त्याच दिवशी शिजवायचा. आमच्याकडे रोहूचे तुकडे हळद-मीठ लावून तासभर ठेवतात, निम्मे तव्यावर तळतात आणि निम्म्यांचे कांदा, खोबरे, तीळ भाजून वाटलेले, चिंचेच्या कोळाचे सालन होते. ज्वारीच्या भाकरीशी ते फार जमते. एक वाटी शेजारी जाते. ज्यांचे गाव खारपाणपट्ट्यात आहे असे पाहुणे त्या दिवशी असले तर सालनाआधी ते आमच्या माठातले पाणीच दोनदा मागतात.

आणखी एक सवय चिलिकाहून आल्यापासून लागली आहे. परत निघताना धरणावरच्या संस्थेच्या काट्यावर थांबायचे आणि किलो-दोन किलो मासे तिथून विकत घ्यायचे, आपल्या पिशवीत काही असो वा नसो. भाव शहरातल्या बाजारापेक्षा बरा पडतो, मासा ताजा मिळतो आणि पैसे ज्याने बोटुकली सोडली त्याच्या हातात जातात. मोर्शीचे ते काका आता मुलीला नावाने हाक मारतात. मागच्या खेपेला त्यांनी तिला जाळ्याची फाटलेली गाठ सुईने कशी शिवायची ते शिकवले.

तेव्हा या हिवाळ्यात तुम्ही सहकुटुंब पाण्यावर जाणार असाल, तर काठीबरोबर दोन रिकाम्या पिशव्या घ्या. एक कचऱ्यासाठी आणि एक संस्थेच्या काट्यावरच्या मासळीसाठी.